ताणतार आणि ओढतार : भटारखान्यातील अग्निशमनयंत्रणेच्या ‘केबल’विषयी

एका शब्दाने दोन वस्तू ओळखल्या जाव्यात, ही गोष्ट कोणत्याही भाषेत नवी नाही. व्यवहारात संदर्भ मदतीस येतो आणि ऐकणारा योग्य तो अर्थ घेऊन पुढे जातो. परंतु दोन वस्तू दिसावयास अगदी सारख्या असल्या, एकाच पेटीत येऊन मिळत असल्या, एकाच जातीच्या नळीतून जात असल्या आणि तरीही त्यांची कार्यपद्धती परस्परांच्या नेमकी उलट असली, म्हणजे संदर्भाचा हा आधार सुटतो. मोठ्या उपाहारगृहांच्या व हॉटेलांच्या भटारखान्यांत चुलींवर जी स्वयंचलित अग्निशमनयंत्रणा बसविलेली असते, तिच्यातील ‘केबल’ हा शब्द या प्रकारात मोडतो. ही तार, ती ज्यांवरून वळते त्या कप्प्या आणि तिला धरून ठेवणारे ब्रॅकेट व सॅडल यांचा विचार येथे करावयाचा आहे. तो यंत्रशास्त्राचा आहे तितकाच परिभाषेचाही आहे.

‘केबल’ शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘कापुलुम’ या शब्दाकडे नेतात. त्याचा अर्थ गुरे बांधण्याचा दोर, म्हणजे आपल्याकडील दावे. पुढे जहाजाच्या नांगराच्या जाड दोरास हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या वाहिन्या टाकल्या गेल्या, तेव्हा नांगरदोरासारख्या जाड दिसणाऱ्या त्या वाहिन्यांनाही तेच नाव चिकटले. १८७० साली अशी वाहिनी मुंबईच्या किनाऱ्याला लागली. मराठी भाषकाच्या मनात आज ‘केबल’ म्हणताच उभे राहते ते या दुसऱ्या अर्थाचे चित्र : विजेची किंवा दूरचित्रवाणीची वाहिनी. दोराचा मूळ अर्थ मराठीत फारसा आलाच नाही. ‘कंड्यूट’ या शब्दाचेही असेच झाले आहे. मुळात पाणी वाहून नेणाऱ्या मार्गाचे हे नाव. आज कारागिराच्या तोंडी ते विजेच्या तारा ओढण्याच्या नळीसाठीच येते.

या अर्थांतराचा परिणाम केवळ कोशापुरता राहत नाही. भटारखान्याच्या कामाच्या यादीत ‘केबल व कंड्यूट’ अशी नोंद असली, की ते काम वायरमनचे, असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. नळी तीच असते, अर्धा इंची, पातळ भिंतीची. सॅडल तेच, स्क्रू तेच. परंतु विजेची तार एकदा नळीत ओढली म्हणजे पुन्हा हलत नाही. तिच्यातून जे जाते ते वाकांना जुमानीत नाही. अग्निशमनयंत्रणेतील तार हलली तरच तिचे काम होते, आणि तिच्यातून जे जाते ते म्हणजे ताण. प्रत्येक वाक हा त्या ताणावरील कर आहे. वायरमनच्या दृष्टीने सुबक असलेली, भिंतीच्या कोपऱ्यांशी मिळतीजुळती वाकविलेली नळी ही या तारेच्या दृष्टीने फास ठरू शकते.

प्रथम यंत्रणेची थोडक्यात ओळख. चुली, तवे आणि तळणीची पात्रे यांवर पत्र्याचे हूड असते. हुडात तेलकट वाफ गाळणाऱ्या जाळ्या आणि त्यांच्या मागून छतावर जाणारा डक्ट. आग लागली असता हुडातील व डक्टमधील तोट्यांतून पोटॅशियमच्या क्षारांचे अल्कधर्मी द्रावण फवारले जाते. तापलेल्या तेलाशी संयोग होऊन त्याचा साबणासारखा फेस तयार होतो, तो तेलावर पसरून हवा तोडतो, आणि द्रावणातील पाणी तेलाला थंड करते. पूर्वी या कामी कोरडी भुकटी वापरीत. परंतु प्राणिज चरबीच्या जागी वनस्पती तेले आली, तळणीच्या पात्रांची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती वाढली, आणि भुकटीने विझलेले तेल पुन्हा पेट घेऊ लागले. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेचे ‘यूएल ३००’ हे कठोर परीक्षामानक २१ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झाले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. रसायनाचा हा भाग पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळतो. हे रसायन सुटावे असा आदेश टाकीपर्यंत पोहोचतो कसा, याकडे मात्र वाचकाचे लक्ष क्वचितच वेधले जाते.

यांत्रिक पद्धतीच्या यंत्रणेत तो आदेश तारेने पोहोचतो. (उष्णतेने फुटणारी नलिका किंवा विद्युत-संवेदक वापरणाऱ्या यंत्रणाही आहेत, त्यांना पुढील विवेचन लागू नाही.) ही तार सामान्यतः १/१६ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची, न गंजणाऱ्या पोलादाची असते. तिला तार म्हणावयाचे ते सोयीसाठी. वस्तुतः ती अनेक बारीक तारांच्या पेडांनी वळलेली दोरी असते. म्हणूनच ती कप्पीवरून सहज वळते. एकसंध तार तितकी वळली नसती.

हुडाच्या आत, चुलींच्या वर आणि डक्टच्या तोंडाशी, ठराविक जागी ब्रॅकेट बसविलेले असतात. प्रत्येक ब्रॅकेटमध्ये नळी तेवढ्यापुरती खंडित होते व उघड्या पडलेल्या तारेला फ्यूजिबल लिंक अडकविलेली असते. दोन धातूपट्ट्या कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूने एकमेकींस चिकटविल्या म्हणजे फ्यूजिबल लिंक तयार होते. बिस्मथ, शिसे, कथील, कॅडमियम अशा धातूंच्या प्रमाणावर तिचा वितळणबिंदू ठरतो : कोठे ७४ अंश सेल्सियस, कोठे १८२, कोठे २३२. त्या जागी नेहमीच्या कामात किती उष्णता असते हे मोजून लिंक निवडावयाची असते. तारेचे एक टोक सर्वांत दूरच्या ब्रॅकेटला बांधलेले असते, दुसरे नियंत्रणपेटीतील खटक्याला. खटक्यास एक जोरदार स्प्रिंग सतत खेचीत असते आणि तारेचा ताण त्या स्प्रिंगला आवरून धरतो. लिंक वितळली, की ताण नाहीसा होतो, स्प्रिंग खटका ओढते, दाबलेल्या वायूचे नळकांडे फुटते आणि तो वायू द्रावणास टाकीबाहेर ढकलतो.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या तारेतून कोणताही संदेश ‘पाठविला’ जात नाही. जोवर सर्व कुशल आहे तोवर तार बोलत असते. आग लागली म्हणजे ती गप्प होते, आणि ते गप्प होणे हाच संदेश. व्याकरणाच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाही. पाणिनीने प्रत्ययाच्या लोपालाही व्यवस्थेत स्थान दिले, आणि दिसेनाशा झालेल्या प्रत्ययाचे कार्य मागे उरू शकते असे मानले. आधुनिक भाषाविज्ञानातील शून्यरूपिमाची कल्पना त्याच जातीची आहे. अभावाला अर्थ येतो तो मात्र एका अटीवर : जेथे काही असावयास हवे होते ती जागा निश्चित असली पाहिजे. ताण असेल तर तो पूर्ण असावा, नसेल तर पूर्णपणे नसावा. मधली अवस्था या व्यवस्थेला समजत नाही.

मधली अवस्था निर्माण होते ती वळणांवर. वाकावरून घासत जाणाऱ्या दोराच्या दोन बाजूंचे ताण समान नसतात. ऑयलर व आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे त्यांचे गुणोत्तर घर्षणांक आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकारावर घातांकी रीतीने अवलंबून असते. घर्षणांक ०.२ धरला तर एका काटकोनी वाकाने ताण १.३७ पट होतो. दोन वाकांनी १.८७ पट, आणि चार वाकांनी सुमारे ३.५ पट. वाकाची त्रिज्या मोठी ठेवल्याने यात फरक पडत नाही. सूत्रात कोन आहे, त्रिज्या नाही. गोलसर, मोठा वाक दिला म्हणजे तार सुलभ जाईल, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. तेलाच्या चिकट्याने घर्षणांक वाढला तर आकडे आणखी भराभर वाढतात : ०.३ ला चार वाकांचा गुणक ६.६ च्या घरात जातो.

आता वाकांच्या जागी कप्प्या बसविल्या आणि प्रत्येक कप्पीत ताणाचा पाच टक्के भाग वाया जातो असे उदाहरणादाखल मानले, तर चार वळणांनंतरचा गुणक १.२२ इतकाच राहतो. साडेतीन आणि सव्वा यांतील अंतर हेच कप्पीचे समर्थन होय. विहिरीवर पोहरा ओढणाऱ्या माणसाला ही गोष्ट कोणत्याही सूत्रावाचून ठाऊक होती, आणि ‘कप्पी’ हा शब्दही तेथूनच आलेला असल्याने या जागी तो ‘पुली’पेक्षा अधिक बोलका आहे. यंत्रणांच्या उत्पादकांच्या पुस्तिका दिशा बदलण्यासाठी कोपऱ्याची कप्पी वापरावयास सांगतात, आणि एका तारेवर जास्तीत जास्त किती कप्प्या व किती लांबी चालेल याची मर्यादाही घालून देतात. हुडाच्या आतील कप्पी उष्णता सोसणारी, संपूर्ण धातूची असावी लागते.

कप्पी कोपऱ्यात आली म्हणजे आधाराचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तेथे वायरमनचा अनुभव पुन्हा अपुरा पडतो. अमेरिकेच्या विद्युत-संहितेत अशा नळीला दर १० फुटांस आणि पेटीपासून ३ फुटांच्या आत आधार द्यावा असे सांगितले आहे. तो नियम नळीच्या स्वतःच्या वजनाचा आहे : नळी लोंबू नये, पडू नये. सरळ नळीतून ताणलेली तार गेली तरी नळीवर आडवे बल पडत नाही. काटकोनी कप्पीवर मात्र दोन्ही बाजूंच्या ताणांची बेरीज होऊन, ताणाच्या सुमारे १.४ पट बल कोनाच्या आतल्या बाजूस सतत खेचीत राहते. दिवसरात्र, वर्षानुवर्षे. त्यामुळे या तारेचा खरा आधार नळीच्या मध्यावर नसून कप्पीच्या दोन्ही अंगांना, अगदी जवळ हवा. दोन सॅडल कोपऱ्याशी लावणे आणि तेच दोन सॅडल लांबीवर समान अंतराने लावणे यांत खर्चाचा फरक नाही. दिसावयास दुसरी मांडणी अधिक नीटसही वाटेल. पण कोपरा तिरपा झाला की तार कप्पीच्या खाचेतून कडेला सरकते आणि चाक व त्याचे घर यांच्यामध्ये चिमटली जाते. (‘सॅडल’ म्हणजे खोगीर. खोगीर घोड्याच्या पाठीवर, तशी ही पट्टी नळीच्या पाठीवर. कारागिरांनी हा शब्द इतका आपलासा केला आहे की त्याला पर्याय सुचविण्यात काही हशील नाही.)

लिंकच्या ब्रॅकेटची गोष्ट याहून नाजूक. शेवटच्या ब्रॅकेटवर तारेचे टोक बांधलेले असल्याने संपूर्ण ताण तेथे येऊन थांबतो. तो ब्रॅकेट पेटीच्या दिशेने किंचित सरकला तरी तार ढिली पडते, आणि खटका सुटून आगीवाचूनच सगळे द्रावण चुलींवर ओतले जाते. अन्न टाकून द्यावे लागते, भटारखाना धुवावा लागतो, टाकी भरून पुन्हा सज्ज होईपर्यंत व्यवसाय बंद राहतो. एखाद्या सैल स्क्रूची ही किंमत होय. परंतु खरी किंमत पुढे द्यावी लागते. असा प्रसंग एकदोनदा घडला म्हणजे यंत्रणेवरचा विश्वास उडतो, आणि मग कोणीतरी लिंकच्या जोडीला साध्या तारेचा फेरा घालून ठेवतो, किंवा दुरुस्तीच्या वेळी खटका अडविण्यासाठी वापरावयाची खीळ तशीच राहू देतो. बाहेरून सर्व जागच्या जागी दिसते. ताण पूर्ण असतो. फक्त तो आता नाहीसा होऊ शकत नाही, म्हणून त्याला अर्थही उरलेला नसतो.

तार तुटली तर काय, हा प्रश्न नवख्याला प्रथम सुचतो. उत्तर असे की, या तारेचे तुटणे धोक्याचे नाही. तुटली तरी ताण जातो आणि द्रावण सुटते. धोका आहे तो तार अडकण्याचा. लिंक वितळली आहे, पण मधल्या कप्पीत चिकटा साचून घट्ट झाला आहे, किंवा नळीत शिरलेल्या ओशटपणाने तार नळीला धरून बसली आहे, किंवा तारेला मारलेली गाठ कप्पीच्या तोंडाशी आली आहे. दूरच्या टोकाशी उरलेला थोडासा अडथळा प्रत्येक वाकागणिक गुणला जातो, हे वरील सूत्रावरून दिसेलच. पेटीपाशी तो स्प्रिंगच्या ओढीइतका झाला की खटका हलत नाही. हुडाच्या पत्र्यातून नळी जेथे आत शिरते तेथील छिद्र मान्यताप्राप्त जोडाने बंद करण्याचा आग्रह धरला जातो, तो डक्टमधील वाफ व ज्वाला बाहेर येऊ नये म्हणून.

येथपर्यंत एका तारेचे वर्णन झाले. त्याच पेटीत दुसरी एक तार येते. भटारखान्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवर भिंतीवर एक मूठ असते. आग दिसताच माणसाने ती ओढावी आणि यंत्रणा हाताने सुरू करावी, अशी योजना असते. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या १७-ए क्रमांकाच्या मानकाप्रमाणे ही मूठ ओढावयास ४० पौंडांहून, म्हणजे सुमारे १८ किलोग्रॅमहून अधिक जोर लागता कामा नये, आणि ती १४ इंचांहून अधिक ओढावी लागता कामा नये. पहिल्या तारेसाठी केलेला हिशेब येथे लावून पाहावा. पेटीपाशी खटका सोडविण्यास १० किलोग्रॅमचा जोर पुरेसा आहे असे समजू. मध्ये चार कप्प्या असतील तर मुठीपाशी सुमारे १२ किलोग्रॅम लागतील. चार साधे वाक असतील तर ३५. घाबरलेल्या, धुराने गुदमरलेल्या माणसाच्या हातून ३५ किलोग्रॅमची ओढ लागेलच असे नाही. दोन साधे वाकसुद्धा मर्यादा ओलांडतात.

ही दुसरी तारही बहुधा त्याच जातीची, त्याच नळीतून, तशाच कप्प्यांवरून आणि तशाच सॅडलांच्या आधाराने येते. पेटी उघडून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्या दिसतात. परंतु हिच्यात नेहमी ताण नसतो. तो माणसाने आणावयाचा असतो. पहिलीत अभाव हा संदेश, दुसरीत भाव हा संदेश. पहिली तुटली तर यंत्रणा ओरडून उठते. दुसरी तुटली तर काहीच होत नाही, आणि ज्या दिवशी मूठ हातात निघून येते त्या दिवशीच ते कळते. पहिल्या तारेची ढिलाई तत्काळ उघडकीस येते. दुसरीची ढिलाई नळीत लपून राहते आणि १४ इंचांच्या ओढीतील कितीतरी इंच खाऊन टाकते. एकीला घातक ठरणारा दोष दुसरीत निरुपद्रवी असू शकतो.

इंग्रजी पुस्तिकांत दोन्हींना ‘केबल’ किंवा ‘वायर रोप’ म्हणतात आणि पुढेमागे विशेषणे जोडून भेद करतात. मराठीत सूचनापत्र लिहिताना ती विशेषणे गळतात व ‘केबल तपासावी’ एवढेच उरते. काय तपासावे? ताण आहे हे, की ताण जातो हे, की ताण येतो हे? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन निरनिराळ्या कृतींनी मिळतात. पहिल्या तारेस ‘ताणतार’ व दुसरीस ‘ओढतार’ असे म्हटले तर संदिग्धता बरीच कमी होईल. दोन्ही समास घरगुती आहेत, उच्चारास अवघड नाहीत, आणि प्रत्येकीचे काम नावातच सांगितलेले आहे. जेथे इंधनवायूची झडप यांत्रिक असते तेथे तिसरी तारही आढळते : स्प्रिंगने बंद होऊ पाहणारी झडप तारेच्या ताणाने उघडी धरलेली असते, आणि यंत्रणा सुटताच ताण सुटून वायू बंद होतो. दिसावयास ती स्वतंत्र, पण तत्त्वतः ताणतारच. ‘संवेदनवाहिनी’, ‘हस्तचालन-रज्जू’ अशी संस्कृत जडजवाहीर घडविता येईल. परंतु हुडाखाली शिडीवर उभा असलेला मनुष्य ती वापरणार नाही, आणि न वापरली जाणारी संज्ञा ‘केबल’ला हटवू शकणार नाही.

नावाचा हा भेद तपासणीच्या रीतीतही उतरतो. वरील संस्थेची मानके अशा यंत्रणेची तपासणी निदान सहा महिन्यांनी एकदा करावयास सांगतात, आणि मिश्रधातूच्या लिंकही त्याच मुदतीत बदलावयास सांगतात. कारण सततच्या भाराखाली तो मऊ मिश्रधातू हळूहळू सरकत जातो, आणि लिंकवर बसलेला तेलाचा थर उष्णता आत पोहोचण्यास विलंब लावतो. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, देण्याचे बंधन घातले. दोन्हीकडे सहा महिन्यांचाच हिशेब दिसतो.

ताणतारेची परीक्षा वायूचे नळकांडे काढून ठेवून, सर्वांत दूरच्या ब्रॅकेटवरील लिंक तोडून करावी लागते. पेटीजवळची लिंक तोडली असता खटका पडेल, तपासणाऱ्याचे समाधान होईल, आणि पलीकडच्या सहा कप्प्यांविषयी काहीच कळलेले नसेल. ओढतारेची परीक्षा उलट दिशेने, भिंतीवरील मुठीपासून. तेथे खटका पडला एवढे पाहून भागत नाही. किती जोर लागला आणि मूठ किती इंच बाहेर आली, हे मोजून लिहावयास हवे, आणि मागच्या खेपेचे आकडे शेजारी असावयास हवेत. जोर वाढलेला दिसला तर प्रथम पाहावयाचे ते कोपऱ्यांतील सॅडल : स्क्रू सैल झाले आहेत काय, कोणी साफसफाईसाठी नळी सोडवून पुन्हा अदमासाने बसविली आहे काय, झारे व पळ्या टांगण्यासाठी नळीचा उपयोग होत आहे काय. शेवटचे कारण क्षुल्लक वाटेल. पण स्वयंपाक्याला हाताशी आडवी नळी दिसली म्हणजे तिला आकडे लागतातच.